ईदच्या फोटोतली जागा

काल इथे आखातात, अल नहदाच्या नव्या घरी आम्ही त्रिनिदादचा एक सिनेमा बघत होतो. भारतीय वंशाची मुलगी आणि आफ्रिकी वंशाचा मुलगा. मुलीचा बाप त्याला दारातूनच हाकलतो, तेव्हा अम्मी ओढणीने डोळे पुसत म्हणाली, "बिचारा पोरगा! काय वाईट होतं त्याच्यात?"

माझी नजर टीव्हीच्या वरच्या फोटोवर गेली. रोल्लातल्या जुन्या घरातली ती ईद.

माझ्या मोठ्या बहिणीच्या, आपाच्या ऑफिसातला सुदानी इद्रीस त्या दिवशी पहिल्यांदा घरी आला होता. सकाळी अब्बांच्या खांद्याला खांदा लावून त्याने नमाज पढली, मग शीरखुर्मा मागून मागून खाल्ला. आम्ही फोटोला उभे राहिलो, तसा तो लाजत आपाशेजारी येऊन थांबला. अम्मीने गोड हसून कॅमेरा त्याच्याच हातात दिला. "बेटा, तू निकाल ना. फॅमिली फोटो है."

मला सगळं कळत होतं. तरी त्याच्या जागेवर मीच पटकन शिरलो. त्याच्या अत्तराचा वास अजून तिथेच होता.

"यल्ला, स्माइल!" इद्रीस म्हणाला. त्यानंतर तो कधी आला नाही.

काल अम्मीला मी कुठल्या तोंडाने बोलणार होतो? फोटोत आम्ही सगळे इद्रीसकडे बघून हसतोय. आपा तेवढी माझ्याकडे बघतेय.