मालकांच्या गाडीचा काटा

त्या सकाळी मालकांच्या गाड्यांचे मेकॅनिक उस्ताद पार धास्तावले होते. कारण काय, तर मालकांचे चिरंजीव! या पठ्ठ्याने नवीकोरी सुपरकार आणली आणि वडिलांना म्हणाला, "बाबा, तुमची जुनी आणि माझी नवी, एकदा होऊनच जाऊ दे." शहराबाहेरची बंद पडलेली धावपट्टी ठरली. वर शहाण्याने उपग्रहावरून खरा वेग सांगणारं एक यंत्रही आणलं. दोन्ही गाड्यांत लावायचं म्हणे.

जुनी हरणार हे शेंबडं पोरही सांगेल, त्याचं उस्तादांना काही नव्हतं. भीती वेगळीच होती. मालकांनी ती गाडी घेतली तेव्हा त्यांच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. शेवटी मालकीणबाई गॅरेजात आल्या आणि उस्तादांपुढे हात जोडून म्हणाल्या, "काहीही करा, पण यांना आवरा." मालकांना आवरणं ब्रह्मदेवाच्या बापाला जमलं नसतं, म्हणून उस्तादांनी काटा आवरला. स्पीडोमीटर फिरवणारं दातेरी चाक काढून तिथे लहान चाक बसवलं. तेव्हापासून गाडी दीडशेने पळाली की काटा ऐटीत दोनशे चाळीस दाखवायचा. मालक खूश, बाईही खूश.

आज ते यंत्र सगळं भांडं फोडणार होतं. उभ्या जन्मात मालकांनी उस्तादांनी आवळलेला एक नटसुद्धा पुन्हा तपासून पाहिला नव्हता. तो विश्वास आता जाणार, म्हणून बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

आधी चिरंजीव सुटले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच शंभर! गिअर गाडीच बदलते, घसरली तर गाडीच सावरते, ब्रेक दाबला की जागच्या जागी गप्प. चिरंजीव उतरले ते गाणं गुणगुणतच.

"झकास! पण यात तू काय केलंस?" मालकांनी विचारलं.

मग जुनी निघाली. खोटं कशाला बोला, सुटायलाच तिने वेळ घेतला. क्लच दाबायला मांडीत बळ हवं, ब्रेक तापल्याशिवाय दाद देत नाहीत, वळणावर मागची बाजू कधी रुसेल याचा नेम नाही. पण इंजिन असं काही गरजलं की शेजारी बसलेले उस्ताद क्षणभर भीतीही विसरले. काटा दोनशे चाळीसवर गेला.

"बघा उस्ताद, कशी पळतेय!" मालक ओरडले.

यंत्र म्हणत होतं, एकशे पन्नास. उस्तादांनी हळूच त्यावर रुमाल टाकला.

धावपट्टीच्या टोकाला मालकांनी गाडी थांबवली. "रुमाल कशाला?"

"मालक, ते... ऊन लागतंय त्याला."

मालक खो खो हसले. "अहो, काटा एकशे वीसवर असताना एकदा दुधाचा टेम्पो मला मागे टाकून गेला. मागचा पोऱ्या कॅनवर बसून मला टाटा करत होता! तेव्हाच समजलो मी, काट्याला तुमचा हात लागलाय, आणि तोही हिच्याच सांगण्यावरून."

उस्तादांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? आधी मी घरी पोचेपर्यंत ही खिडकीत उभी असायची, पाण्याचा घोट न घेता. तुमचं चाक बसलं आणि बाई सुखाने जेवायला लागली." मालकांनी आवाज खाली आणला. "पण मला ठाऊक आहे हे तिला कळता कामा नये हं. नवऱ्याला गुंडाळलं म्हणून इतकी वर्षं खुशीत आहे ती."

ते परतले तेव्हा बाई येऊन उभ्या होत्या. चिरंजीवांनी यंत्र काढून पाहिलं आणि तोंड उघडलं, "बाबा, हे तर फक्त एकशे..." उस्तादांनी सगळा भार टाकून त्याच्या पायावर पाय दिला.

"किती गेली हो?" बाईंनी विचारलं.

"दोनशे चाळीस!" मालकांनी छाती फुगवली.

"अगं बाई! जरा जपून चालवत जा की," बाई म्हणाल्या, आणि मालकांची पाठ वळल्याबरोबर त्यांनी उस्तादांना डोळा मारला.

मालकांना तो गाडीच्या आरशात स्वच्छ दिसला. त्यांनी गुपचूप गॉगल चढवला. उस्तादांना हसू आवरेना आणि डोळेही भरून आलेले, म्हणून त्यांनी इंजिनाचं झाकण उघडून सरळ आत तोंड घातलं.