देवानंदच्या गिटारीतला भुंगा

अमरावतीला अंबागेटाच्या आत हारांचं दुकान लावणारा देवानंद निमकर बेस गिटार वाजवतो, हे त्याच्या गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. ऑर्केस्ट्रावाल्यांना मात्र तो हार विकतो हे पक्कं माहीत होतं, आणि ते त्याला विसरू देत नसत. कार्यक्रमाला पोचायला जरा उशीर झाला की कुणीतरी म्हणायचंच, "आला का मोगरा?"

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचं वाद्य. वरातीत नाचणाऱ्याला वाटतं आपण ढोलकीवर नाचतोय. खरं तर त्याची कंबर हलवतो तो या तारांचा खालचा घुमारा. असं देवानंदचं म्हणणं. दुसऱ्या कुणाचं तसं म्हणणं असल्याचं ऐकिवात नाही. त्याची बायको हर्षा एकदा त्याचा कार्यक्रम शेवटपर्यंत बसून ऐकून आली, तीही गर्दीतली पुढची खुर्ची धरून, आणि घरी आल्यावर तिनं भीतभीत विचारलं, "तुमी वाजोता तवा नेमकं काय आयकायचं असते?"

देवानंद म्हणाला, "मी थांबलो का जे कमी वाटते, ते."

या उत्तरावर तो स्वतःच इतका खूश झाला की पुढं कितीतरी दिवस तो ते कुणी न विचारताही देत असे.

तर होळीच्या सुमारास या गिटारीत भुंगा शिरला. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं की त्या डब्यातून एकसारखा आवाज निघायचा, घूंऽऽऽ, बंद खोलीत भुंगा अडकल्यासारखा. तारांवर हात ठेवला की तो हळू व्हायचा, हात काढला की पुन्हा चढायचा. डबा जुनाच होता, नागपूरच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेला, पण आजवर कधी कुरकुरला नव्हता. ऑर्केस्ट्रात साहजिकच बोलणं झालं की फुलवाल्याच्या मागं भुंगा लागणार नाही तर काय. देवानंदही हसला. पहिल्यांदा सगळेच हसतात.

बडनेऱ्याला हसू संपलं. एका रेल्वेवाल्याचा निवृत्तीचा सत्कार होता, आणि पाहुण्यांनी आधी दिवंगत सहकाऱ्यांसाठी सगळ्यांना मौन पाळायला उभं केलं. सगळा हॉल माना खाली घालून उभा, आणि मोठ्या स्पीकरांतून घूंऽऽऽ. देवानंदनं दोन्ही हातांनी तारा आवळून धरल्या, तरी तो कमी झाला, गेला नाही. पुढच्या रांगेतल्या एका बाईंना वाटलं की हे मृतात्म्यांसाठी मुद्दाम लावलेलं संगीत आहे, आणि त्यांनी डोळे पुसले. बाकीच्यांनी तोंडावर रुमाल धरले ते रडू लपवायला नव्हे.

ऑर्केस्ट्राचे मालक भगवंतराव. एके काळी स्वतः गायचे. पुढं गळा बसला आणि पोट सुटलं, तेव्हापासून नुसती मालकी करतात. गाडीत बसताना ते म्हणाले, "देवा, अकोल्याची हळद हाये पुढच्या महिन्यात. मोठी पार्टी हाये. तिथं भुंगा आला तर बेस त्या दिवसापासून प्रीतम वाजवीन."

प्रीतम म्हणजे भगवंतरावांचा भाचा, कीबोर्ड वाजवणारा. कीबोर्डावर डाव्या हातानं बेसचे सूर काढता येतात. प्रीतमचा डावा हात आजवर मोबाइल धरण्याच्या कामात होता, पण मामानं सांगितलं तर तो मोकळा व्हायला वेळ लागणार नव्हता.

देवानंद घरी गेला तो भुंग्याच्या मागंच लागला. आधी वायर बदलली. मग तारा बदलल्या. मग कुणीतरी सांगितलं की गिटारीच्या पोटात धातूचा कागद चिकटवला की बाहेरचा आवाज आत येत नाही. याच्या दुकानात गुच्छाला गुंडाळायचा चंदेरी कागद रग्गड. त्यानं तो पोटात लावला. पण तो कागद चंदेरी असला तरी जातीनं प्लास्टिक. भुंगा तसाच राहिला, फक्त मागचं झाकण उघडलं की गिटार वाढदिवसाला निघाल्यासारखी दिसू लागली.

मग त्याच्या ध्यानात आलं की घरातला कूलर बंद केला की भुंगा थोडा दबतो. आता मे महिन्यात वऱ्हाडात कूलर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नेमके सासू-सासरे चांदूर रेल्वेहून राहायला आलेले. जावईबापू भर दुपारी कूलर बंद करायचे, घूं ऐकायचे, चालू करायचे, पुन्हा घूं ऐकायचे. सासऱ्यांनी दोन दुपारी घाम पुसत काढल्या आणि मग गावाकडं विहिरीवर काम निघालं असं सांगून गाडी धरली. त्यांच्या गावाकडच्या विहिरीला कोरडी पडून जमाना झाला होता.

"माह्या मायबापाले तुमच्या भुंग्यानं हाकललं," हर्षा म्हणाली.

"सापडीन तो. जवळच हाये."

"जवळच हाये, दिसून राहिला मले. पलंगावर बसेल हाये."

शेवटी तो अब्दुल गफ्फारकडं गेला. हा कूलरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा माणूस. बोलण्याचा नाद असा की मोटार भरून झाली तरी गिऱ्हाईक उठत नसे. त्यानं डबा उघडला, फुंकर मारली, बंद केला.

"देवाभाऊ, बाजा चांगला हाये तुमचा. जमीन सुकली."

"कोणती जमीन?"

"आपली. काली मिट्टी. उन्हाळ्यात फटते, अन् अर्थिंगची सळई आत मोकळी लटकते. करंट जाईन कुठं बिचारा? तुमच्या डब्यात येऊन रडते. गड्ड्यात खडेमीठ टाका, वरून पानी टाका. गप होते की नाही पहा."

देवानंदला हे फार पटलं. माळ्याचा पोरगा तो. पाणी दिलं की गोष्टी ताळ्यावर येतात हे त्याच्या रक्तातच होतं.

अकोल्याचं मंगल कार्यालय गावाबाहेर मूर्तिजापूरच्या रस्त्याला होतं. संध्याकाळची हळद, म्हणून ऑर्केस्ट्रा दुपारीच पोचला. देवानंदनं डबा मांडला, त्यावर रोजच्यासारखं झेंडूचं एक फूल ठेवलं. कुठलंही काम सुरू करताना फूल वाहायचं, ही त्याच्या घरची रीत. मग डब्यातून लांब वायर काढून मंडपाच्या दुसऱ्या टोकाला चंदनच्या टेबलापर्यंत ओढली. चंदन म्हणजे साउंडवाला. देवानंदचा डबा त्याच्या स्वतःच्या कानांपुरता. लोकांना ऐकू जायचं ते या वायरीतून चंदनच्या मिक्सरला आणि तिथून मोठ्या स्पीकरांना. वायर दुसऱ्या कुणाच्या वायरीत मिसळू नये म्हणून त्यानं तिच्या टोकांना हाराचा पिवळा दोरा बांधला होता. बटण दाबलं. घूंऽऽऽ. भगवंतरावांनी लांबूनच मान वळवून पाहिलं.

देवानंद स्वयंपाक्याकडं गेला. "खडेमीठ द्या जरासं." मग पाण्याच्या टाकीजवळची बादली उचलली आणि कार्यालयाच्या मागं, मीटरच्या खाली, अर्थिंगचा खड्डा शोधून काढला. बाजूच्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. त्यानं मीठ ओतलं, बादली रिकामी केली. जमीन ते पाणी सुस्कारा टाकत प्याली. मग सवयीनं खिशातून झेंडूचं फूल काढून त्यानं खड्ड्याच्या काठावर ठेवलं आणि हात जोडले.

"कोन हाये रे तू?"

मागं नवरीची आत्या उभी होती, सत्यभामाबाई. लग्नघराच्या पाण्याची जबाबदारी तिच्याकडं होती. टँकर तिनं सकाळपासून फोन करकरून मिळवला होता.

"मी ऑर्केस्ट्राचा. अर्थिंगले पानी देऊन राहिलो, आत्याबाई."

"कोनाले?"

"अर्थिंगले. म्हंजे जमिनीले."

"जमिनीले माह्या भाचीच्या हळदीतच तहान लागली काय? इथं पाहुने तांब्यातांब्यानं तोंड धुऊन राहिले, अन् हा बाप्पा भोकात बादली रिचवते." एवढं बोलून तिची नजर खाली गेली. तिला मीठ दिसलं. मग फूल दिसलं. तिचा आवाज एकदम उतरला. "मीठ. फूल. अन् तेई हळदीच्या दिवशी. कोनं पाठोलं तुले? नवरदेवाच्या काकूनं?"

यातून असं बाहेर आलं की नवरदेवाच्या काकूला हा मुलगा आपल्या बहिणीच्या मुलीसाठी पाहिजे होता. ही गोष्ट लग्नघरानं मोठ्या कष्टानं झाकून ठेवली होती. आता ती वाढप्यांनाही कळली. माणसं जमली. कुणी म्हणालं खड्डा उकरा, कुणी म्हणालं आधी याला धरा. काकूनं तिकडं रडायला सुरुवात केली, आणि त्यानं संशय आणखीच पक्का झाला.

भगवंतराव धावत आले. सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हा आमचाच मानूस हाये. करणी कराची अक्कल त्याले असती, तर यानं बेस गिटार वाजोली असती काय?"

लोक हसले. काकूही रडता रडता हसली. देवानंदलाही हसावं लागलं, कारण हसला नसता तर मार पडला असता. सत्यभामाबाईनं बादली हिसकावून नेली. भगवंतराव मात्र तिथून सरळ चंदनकडं गेले आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. देवानंदनं ते पाहिलं. त्याला वाटलं, गाण्यांचा क्रम असेल.

कार्यक्रम सुरू व्हायच्या वेळी त्यानं जीव मुठीत धरून बटण दाबलं.

काही नाही.

त्यानं कान डब्याला लावला. तारांवरचा हात काढला. पुन्हा ठेवला. नुसती शांतता, पाणी दिलेल्या वाफ्यासारखी. खड्ड्यात मीठ विरघळलं होतं, सळई ओली झाली होती, अब्दुल गफ्फार खरा ठरला होता. त्या संध्याकाळी देवानंद असा वाजवत होता की पायाशी ठेवलेल्या त्या लहान डब्यातून निघणारा प्रत्येक सूर त्याला गोल आणि भरलेला वाटत होता. हळद लागली, पोरीबाळी नाचल्या, आणि शेवटी सत्यभामाबाईनंसुद्धा पदर खोचला. तिची कंबर नेमकी कुठल्या सुरावर वळते हे देवानंद टक लावून पाहत होता, आणि ते पाहताना त्याला कुणी पाहिलं असतं तर आणखी एक भानगड झाली असती. त्याची खात्री पटली होती: बाईला मी नाचवतोय.

आवराआवर सुरू झाली. तो आपली लांब वायर हातावर गुंडाळत मंडपाच्या कडेनं निघाला. नेहमी तिचं दुसरं टोक चंदनच्या मिक्सरमध्ये घट्ट बसलेलं असे, ते ओढून काढावं लागे. आज वायर टेबलाच्या अलीकडंच संपली. मांडवाच्या बांबूला तिची नीट गुंडाळी टांगलेली होती, पिवळा दोरा लोंबत होता.

"चंदन, हे कवा काढलं?"

चंदन दुसरीच वायर सोडवत राहिला. "पयल्या गाण्याच्या आंदीच, दादा. भगवंतरावनं सांगतलं."

"मंग लोकाईले काय आयकू गेलं?"

"प्रीतमचा डावा हात." मग त्यालाच ते बरं वाटलं नसावं. "पन तुमचा भुंगा मले सापडला आज. घरी येते तो घरच्या लाइनीचा असन, कार्यक्रमातला येगळा. तुमचा डबा कार्यालयाच्या लाइनीवर, माह्यं मिक्सर जनरेटरवर. या वायरीनं दोघाईची गाठ पडली का घूं. वायर काढली का गप. दोनी एकाच बोर्डावर लावले तर वायर लावूनही घूं येनार नाई, मले वाटते."

मिठानं काही केलं नव्हतं, पाण्यानंही काही केलं नव्हतं. देवानंद ती गुंडाळी हातात घेऊनच भगवंतरावांकडं गेला. ते नवरीच्या बापाशी बोलून आनंदात होते.

"भगवंतराव, भुंग्याचा पत्ता लागला. पुढच्या, तिवशाच्या कार्यक्रमाले एकाच बोर्डावर..."

"पत्ता कायले पाहिजे आता? गेला ना तो." भगवंतरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "आज मस्त झालं, देवा. पार्टी खूश हाये. स्टेजवर गिटार दिसते तर बरं दिसते. तिवशाले येजो. असाच."

परतीच्या गाडीत सगळे झोपले. प्रीतम डाव्या हातानं मोबाइल धरून बसला होता.

तिवशाला देवानंद गेला. न जाऊन काय करणार होता? डब्यावर झेंडू ठेवला, वायर चंदनच्या टेबलापर्यंत ओढत नेली. चंदननं घ्यायला हात पुढं केला नाही आणि देवानंदनं द्यायला. त्यानं स्वतःच गुंडाळी करून ती बांबूला अडकवली आणि जागेवर जाऊन उभा राहिला. डबा गप होता.

तिसऱ्या गाण्यात गर्दी रंगात आली तेव्हा त्याला एक गोष्ट करून पाहावीशी वाटली. त्यानं तारांवरून दोन्ही हात उचलले. नाचणाऱ्यांकडं बघत राहिला. कुणाचं पाऊल चुकलं नाही, कुणाची मान वळली नाही, कुणाची कंबर जराही अडखळली नाही. भगवंतरावांनी मात्र लांबून पाहिलं आणि हात हलवून खूण केली: हात चालू ठेव, बरं दिसत नाही.

त्यानं हात पुन्हा तारांवर ठेवले.

घरी हर्षानं दार उघडलं. "भुंगा आलता काय?"

"नाई."

"चला, सुटलो बाप्पा एकदाचे," ती म्हणाली, आणि तिनं कूलर लावला.