पाळली जात असे

बाईंनी माझ्या डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि परत लावलं. अगदी हळू. आवाज होऊ दिला नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बाळा, हे आपण स्टाफरूममध्ये ठेवू. लोक घेत नाहीत गं तुमच्यातलं. मग तुलाच वाईट वाटेल."

आत आळूवड्या होत्या. आईने पहाटे उठून केलेल्या.

शाळेत बाल आनंद मेळावा होता. मुलांनी घरून पदार्थ करून आणायचे, मैदानात बाकं मांडून विकायचे, गावाने येऊन कौतुकाने खायचे. यातून मुलांना व्यवहारज्ञान मिळतं, असं हेडसर भाषणात म्हणाले होते. मला मिळालं. शेजारच्या बाकावर माझ्या वर्गातल्या पूर्वाच्या भेळेला रांग लागली होती आणि माझं बाक रिकामं. रिकाम्या बाकामागे उभी राहिलेली मुलगी बरी दिसत नाही, म्हणून बाईंनी मला माईकपाशी पाठवलं. आवाज खणखणीत होता ना माझा. सकाळी उद्‌घाटनाला संविधानाची उद्देशिका मीच वाचली होती. आता त्याच माईकवरून ओरडत राहिले. या, या, पूर्वाकडची भेळ घ्या, गरम भजी घ्या.

मी पुण्याजवळच्या माण-मारुंजीच्या पट्ट्यातली. गावाचं नाव सांगत नाही, शाळेचंही नाही. सांगितलं तर गाव म्हणेल, आमच्याकडे असलं काही नाही. घर बौद्धवस्तीत. बाप लवकर गेला. आई अण्णांच्या पीजीत स्वयंपाक करायची. अण्णा म्हणजे पूर्वाचे आजोबा. जिथं त्यांची भातखाचरं होती तिथं आता चार मजली खोल्या आहेत आणि त्यात हिंजवडीच्या कंपन्यांत जाणारी पोरं राहतात. नागपूरची, आंध्रातली, बिहारची. ती आईच्या हातच्या चपात्या मागून मागून खायची. मावशी, तुमची जात कंची, असं एकानेही कधी विचारलं नाही. अण्णांच्या घरातल्या स्वयंपाकघरात मात्र आईने कधी पाऊल टाकलं नाही. पीजीचा गॅस वेगळा, घरचा वेगळा. आणि शाळेच्या समितीचे अध्यक्षही अण्णाच. म्हणजे आमची चूल आणि माझी शाळा, दोन्हीच्या किल्ल्या एकाच कमरेला.

संध्याकाळी डबा जसाच्या तसा घरी आला. आईने हातात घेतला, तेव्हाच वजनावरून तिला कळलं.

"कुणाला बोललीस?"

"न्हाई."

"बोलू बी नको. आपलं पोट तितं हाय."

रात्री आम्ही दोघींनी आळूवड्या खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या. त्याचाच राग आला मला.

त्या वर्षी सातवीत आम्ही पुष्कळ शिकलो. शेकडा नफा-तोटा. ओल्या फडक्यात मटकीला मोड आणणं. शिवाजी महाराजांचं स्वराज्य. आणि नागरिकशास्त्रात संविधान. पहिल्या सत्राच्या परीक्षेत समतेवर प्रश्न होता. मी लिहिलं, 'आपल्या देशात अस्पृश्यता पाळली जाते. हा गुन्हा आहे.' बाईंनी लाल पेनाने 'जाते' खोडलं आणि वर लिहिलं, 'जात असे'. शेजारी शेरा, 'काळ चुकला.' वर्गात सगळ्यांना समजावूनही सांगितलं. "पूर्वी पाळली जात असे. रीतिभूतकाळ. आता कुठं राहिलंय तसं?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मला खरंच वाटलं, आपलं व्याकरण कच्चं आहे.

मेळाव्याच्या दिवशी कळलं, माझं व्याकरण पक्कं होतं.

पुढच्याच आठवड्यात बाईंनी सर्वनामं घेतली. त्या शिकवायच्या छान, खोटं कशाला बोलू. फळ्यावर दोन शब्द लिहिले. आम्ही. आपण. म्हणाल्या, "आम्ही जेवलो, म्हणजे ऐकणारा उपाशी. आपण जेवलो, म्हणजे ऐकणाराही पंगतीला होता." वर्ग हसला. मी हसले नाही. माझ्या डोक्यात बाईंची वर्षभरातली वाक्यं फिरायला लागली. आमच्यात असं चालत नाही. तुमच्यात कसं करतात गं? भाषण तूच कर, तुमचाच विषय आहे. सगळं 'आमच्यात' आणि 'तुमच्यात'. मला धरून 'आपण' एकदाच म्हणाल्या होत्या, डबा लपवताना.

मी हात वर केला. "बाई, मग 'आम्ही, भारताचे लोक' यात ऐकणारा कोण? बाहेर कोण ऱ्हायलं?"

बाई हसल्या. "ते तुलाच जास्त ठाऊक. तुमच्यातलंच आहे ते."

वर्गाची भिंत, खिडकीचे गज, बाहेर अण्णांची पांढरी गाडी. कुठे जाणार होते मी? आईला सांगावं तर पीजी. हेडसरांना सांगावं तर अण्णा. शाळा सोडावी तर दुसरी शाळा फीवाली. जिकडे वळावं तिकडे तोच दरवाजा आणि तो बाहेरून लावलेला. खाली बसले आणि फळ्यावरचे दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. कडक इस्त्रीतले अण्णा खुर्चीवर, समोर सगळी शाळा, कुंपणापाशी गाव. हेडसरांनी माझं नाव पुकारलं. उद्देशिका, अर्थातच. मी माईकसमोर गेले. ठरवून काही गेले नव्हते. 'आम्ही' हा पहिला शब्द तोंडातून गेला आणि पुढचा येईना.

मग जे आलं ते घरच्या बोलीत आलं. "बाई, दरसाली मीच का? आज पूर्वाला वाचू द्या. तिचंबी हाय हे. माज्या हातचं चालत न्हाई, मग माज्या तोंडचं कशाला?"

माईक चालू होता. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. कुणीतरी फिसकन हसलं, मग तेही थांबलं. अण्णा जागचे हलले नाहीत. ठरल्याप्रमाणे त्यांनी मुलांना खाऊ वाटला. मलाही दिला. माझ्या तळहातावर वरून टाकला.

दुसऱ्या दिवशी आई पीजीवर गेली तर अण्णा दारातच उभे. "लेकीनं माफी मागितली की ये कामाला," म्हणाले. आई घरी आली, माझं मनगट धरलं आणि तशीच शाळेत घेऊन गेली.

ऑफिसात हेडसर, अण्णा आणि बाई बसलेले. आईला कुणी बस म्हटलं नाही. हेडसर म्हणाले, "माझं चुकलं, एवढं म्हण. विषय संपला." बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझ्या भल्यासाठीच केलं ना गं मी?" त्यांना तसं मनापासून वाटत होतं. मला त्याचीच जास्त चीड आली. दुष्ट माणसाला निदान शिवी देता येते.

मी आईकडे बघितलं. तिचे डोळे म्हणत होते, म्हण. म्हणून टाक, पोरी. तिच्यासाठी म्हणणार होते मी. पण मग उद्या आळूवड्या परत तशाच घरी येतील, आणि त्या माझ्या चुकीमुळे आल्या, असं गाव म्हणेल.

"माजं चुकलं न्हाई," मी म्हणाले.

अण्णा उठले. "बघ बाई, तुजं तू," एवढंच आईला म्हणाले.

आईचं काम गेलं. मग ती मारुंजीच्या एका सोसायटीत जिने पुसायला जायला लागली. गुडघे तिथेच गेले तिचे. मी बरोबर केलं, असं ती आजही म्हणत नाही. म्हणते, "तू बरुबर आसशील. पन चूल इझली व्हती तवा बरुबर खाल्लं का आपुन?"

मागच्या महिन्यात आमच्या वर्गाच्या ग्रुपवर पूर्वाचा मेसेज आला. माजी विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन आहे, बाईंचा सत्कार आहे. 'झालं गेलं विसरून आपण सगळे भेटू या.' खाली माझ्यासाठी म्हणून खास ओळ, 'उद्देशिका तूच वाच, प्लीज.'

मी लिहिलं, विसरायचं असेल तर आधी ते झालं होतं असं कबूल करा.

मी जाणार नाही. वाचणारही नाही. कुणाला खरंच काही वाटत असेल तर त्याने आमच्या घरी यावं, ऐन जेवणाच्या वेळेला यावं आणि उपाशी यावं. ताट मी वाढीन. ते संपेपर्यंत मी कुणाची माफी ऐकून घेणार नाही.