सरांना विचारून सांगतो

ते प्रकरण आठवलं की आजही हातातलं काम थांबतं. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत माझी बहुतेक नोकरी गेली. खून, दरोडे, जंगलातल्या चकमकी, सगळं पाहिलं. तरी लोक जेव्हा विचारतात, "साहेब, सगळ्यात जास्त धक्का कशानं बसला?" तेव्हा मला वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीत राहणारा एक साधा, पापभीरू माणूस आठवतो. कोणाचंही नाव इथे देणार नाही.

मी तेव्हा चंद्रपुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून मी डायरी पाहत होतो, तेवढ्यात हवालदार एका बाईला आणि तिच्या नवऱ्याला आत घेऊन आला. बाई सावली तालुक्यातली. धान कापून झालं की हे जोडपं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जायचं. नुकतेच परतले होते.

"साहेब, आमची काई तक्रार नाई," बाई म्हणाली. "पन तिकडं एक पोरगी पाह्यली. आपल्या इथली हाय."

ज्या मालकाच्या शेतात ते मिरची तोडायचे, त्याच्या घरी त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिची सेवा करायला एक तरुण मुलगी ठेवली होती. मजुरांना चहा द्यायला ती बांधावर आली आणि या बाईचं मराठी ऐकून जागीच थांबली. पुढे रोज थोडं थोडं बोलू लागली.

"म्या म्हटलं, बाई, घरी काऊन नाई जात? तं म्हनते, बापानं दुसरं लगन केलं, मले टाकून देल्लं. नर्सिंग शिकवतो म्हून आनलं होतं म्हने, आन् म्हातारीचं हागनं-मुतनं काढाले ठेवलं. बाप ऊर्जानगरले हाय म्हने."

हा नेहमीचा प्रकार असावा असं मला वाटलं. बापाने मुलीला टाकलं, कोणीतरी तिला कामाला लावलं. मुलीच्या बापाचं नाव बाईकडून विचारून स्टेशन डायरीला नोंद घेतली, हवालदाराला साध्या कपड्यांत सोबत घेतलं आणि त्याच दिवशी ऊर्जानगर गाठलं.

दार बापानेच उघडलं. वीज केंद्रात तंत्रज्ञ, पहिल्या पाळीतून नुकताच घरी आलेला. घरात दुसरी बायको नव्हती. भिंतीवर पहिलीचा फोटो होता, त्याला ताजा हार होता. पोलीस म्हणून ओळख सांगितल्यावर तो गोंधळला. मुलीचं विचारल्यावर मात्र त्याचा चेहरा उजळला.

"शिकून राह्यली ना साहेब! तेलंगणात, नर्सिंगले. लय हुशार हाय. आत्ता सकाळीच तिचा मेसेज आला."

त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. रोजचे मेसेज होते. बाबा, आज प्रॅक्टिकल झालं. बाबा, बीपीची गोळी घ्या. बाबा, तब्येत बरी नसेल तर ड्यूटीवर जाऊ नका.

मी आणि हवालदाराने एकमेकांकडे पाहिलं. सावलीची बाई खोटं बोलत नव्हती. हा माणूसही खोटं बोलत नव्हता.

"तिचा आवाज शेवटचा कधी ऐकला?" मी विचारलं.

"फोनवर बोललं का तिचं मन लागत नाई अभ्यासात. म्हून मेसेजच करतो. सरनं तसंच सांगतलं हाय."

"कोण सर?"

तो उठला, मोबाइल हातात घेतला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "थांबा साहेब. तुमच्याशी बोलू का नको, ते सरले विचारून सांगतो."

मी त्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला.

मग तुकड्या-तुकड्याने हकीकत बाहेर आली. घरातलं सगळं बायको ठरवायची. ती गेल्यावर हा माणूस दोन रस्त्यांच्या मधोमध उभा राहिल्यासारखा झाला. कोणीतरी शहरातल्या एका मार्गदर्शन केंद्राचा पत्ता दिला. आधी बायकोच्या विम्याचं काय करायचं ते विचारायला गेला. मग मुलीला कोणत्या शिकवणीत घालायचं ते. हळूहळू फ्रिज कोणता घ्यायचा, बहिणीकडे लग्नाला जायचं की नाही, हेही तिथेच विचारू लागला. नातेवाईक उलटसुलट सांगतात, त्याने गोंधळ होतो, असं सर म्हणाले. म्हणून त्याने बहिणीशी बोलणं सोडलं, विहारात जाणं सोडलं.

मुलगी वैद्यकीय प्रवेश परीक्षेत नापास झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, सर म्हणत होते पुन्हा परीक्षा दे. बापलेकीचं जोरात भांडण झालं. तेव्हा सरांनीच मार्ग काढला. नर्सिंगचा प्रवेश आम्ही मिळवून देतो. पण काही दिवस तुम्ही दोघांनी फोनवर बोलू नका, तिचा नवा नंबर आम्ही देतो, त्यावर फक्त मेसेज करा. तुमचा नंबरही बदला, म्हणजे ती रागाच्या भरात फोन करणार नाही. त्याने नंबर बदलला. प्रवेश कोणत्या कॉलेजात झाला हे त्याने पाहिलं नाही, कारण ते पाहणं सरांचं काम होतं.

मी तेलंगण पोलिसांशी संपर्क साधला आणि माझ्या महिला उपनिरीक्षकाला पथकासह तिकडे रवाना केलं. मेसेज ज्या नंबरवरून येत होते त्याचं लोकेशन मागवलं. तो नंबर तेलंगणात कधी गेलाच नव्हता. चंद्रपूर शहरातल्या ज्या टॉवरखाली तो दिवसभर असायचा, त्याच टॉवरखाली ते मार्गदर्शन केंद्र होतं.

आम्ही गेलो तेव्हा तिथे बसायला जागा नव्हती. लोक शांतपणे आपल्या पाळीची वाट पाहत होते. पाटीवर लिहिलं होतं, शिक्षण, गुंतवणूक, विवाह, मनःशांती. केंद्राचा चालक, म्हणजेच हे 'सर', नीटनेटका, गोड बोलणारा. पंचनामा सुरू असताना त्याने आम्हाला चहा विचारला.

ठाण्यात आणल्यावरही त्याचा स्वर बदलला नाही. मी आरोपींकडून शिव्या ऐकल्या आहेत, रडणं ऐकलं आहे. हा मात्र माझीच समजूत काढत होता.

"साहेब, सगळं त्यांच्या संमतीनं झालंय. मुलगी सज्ञान आहे. तिला काम मिळालं, अनुभव मिळतोय. वडील समाधानी आहेत. तक्रार कोणाची आहे?"

खरंच, तक्रार कोणाचीच नव्हती. तिथेच तपास अडला होता. तो सराईतपणे प्रत्येक प्रश्न परतवत होता. मी त्याला बसवून ठेवलं आणि केंद्रात काम करणाऱ्या मुलीला बोलावलं. पंचविशीची, शिकलेली, ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसलेली. महिला अंमलदार शेजारी होती. मी थेट विचारलं, "ऊर्जानगरच्या त्या काकांना त्यांच्या मुलीच्या नावानं मेसेज कोण पाठवतं?"

तिने मान वर केली. "त्यांची मुलगी मीच आहे, साहेब."

लिहून घेणाऱ्याचा हात थांबला.

"म्हणजे मीच बोलते त्यांच्याशी," ती घाईने म्हणाली. "सुरुवातीला सर सांगायचे तसं लिहायची. नंतर त्यांनी सांगणं सोडलं. गोळीची आठवण मीच करून देते. ते मला सगळं विचारतात. भाजी कोणती करू तेसुद्धा."

"आणि त्यांच्या खऱ्या मुलीला?"

ती रडायला लागली. "ती कामाला आहे त्या घरच्या फोनवर मीच फोन करायची. ऑफिसची मॅडम म्हणून. सर म्हणाले, सांग तिला, वडिलांनी लग्न केलं, नंबर बदलला, आता त्यांना त्रास देऊ नको. तिनं जुना नंबर लावून पाहिला, तो बंद लागला. मग तिला खरंच वाटलं."

एकाच खुर्चीत बसून ही मुलगी एका बापाची लाडकी लेक झाली होती आणि त्याच्याच खऱ्या लेकीला तोडत होती. मुलीचा पगार केंद्राकडे जात होता, बापाची फी केंद्राकडे येत होती. तिचा जबाब नोंदवून झाला तरी ती उठेना. "साहेब," ती म्हणाली, "आज त्यांना गोळीचा मेसेज गेला नाही. ते घेतील ना?"

तो जबाब चालकासमोर वाचला तेव्हा त्याने पाणी मागितलं. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मी कोणाकडून काही हिसकावलं नाही, साहेब. लोकांनाच ठरवायचं नसतं. तेच आणून देतात." ही त्याची पहिली कबुली होती. केंद्रातल्या मुलीच्या जबाबावरून आम्ही त्याला अटक केली. पुढे पोलीस कोठडीत आणखी काही मुलींचे पत्ते मिळाले.

तिकडून उपनिरीक्षकाचा फोन आला. मुलगी सापडली होती, सुखरूप होती, पण यायला तयार नव्हती. "सर, ती म्हणते, टाकलेली पोरगी आहे मी, कुठे जाऊ? आम्हीही केंद्रानंच पाठवलेले आहोत असं तिला वाटतंय."

बाप माझ्यासमोर बसला होता. त्याला सगळं सांगून झालं होतं. ऐकताना त्याचा हात मोबाइलच्या खिशाकडे जात होता आणि रिकामा परत येत होता, कारण मोबाइल जप्त होता. मी उपनिरीक्षकाला फोन मुलीकडे द्यायला सांगितलं आणि माझा फोन त्याच्या हातात दिला. "मुलगी आहे. बोला."

त्याने फोन कानाला लावला. मग हाताने झाकला आणि माझ्याकडे पाहिलं. "साहेब, काय बोलू? तुमीच सांगा."

मला राग आला, दयाही आली. "मला विचारू नका," मी म्हटलं आणि खुर्ची सोडून दाराशी जाऊन उभा राहिलो.

मागून त्याचा आवाज आला, "बाई... मी हाव. म्या लगन नाई केलं वं." फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून तिने विचारलेलं मलाही ऐकू आलं, "मंग एक फोन काऊन नाई केला, बाबा?"

तो म्हणाला, "मले कोनी सांगतलंच नाई, बाई, फोन कर म्हून."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं भयंकर वाक्य मी ऐकलं नाही. ते बोलणाऱ्याच्या मनात काडीचंही पाप नव्हतं, म्हणून ते जास्त भयंकर होतं.

मुलगी परत आली. ती बापाच्या घरी न जाता आत्याकडे राहिली आणि पुढे स्वतः चौकशी करून नर्सिंगला लागली. बाप दर सुटीच्या दिवशी तिला भेटायला जायचा. ती आधी बोलत नसे, मग बोलू लागली. पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. खटला उभा राहिला, केंद्रातली ती मुलगी माफीची साक्षीदार झाली, चालकाला शिक्षा झाली.

पण माझी झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. केंद्राला सील ठोकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बंदोबस्तावरच्या शिपायाने फोन केला, "सर, इथं गर्दी झालीय." तक्रार द्यायला लोक आले असतील म्हणून मी फौजदारासह निघालो. तिथे शिक्षक होते, बँकेतले लोक होते, अंगावर चांगले कपडे असलेल्या बाया होत्या. एकानेही तक्रार दिली नाही. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं की सर कधी सुटतील. एक पोक्त गृहस्थ पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, मुलीला पाहून गेलेत. संध्याकाळपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे. आता आम्ही कोणाला विचारायचं?"

जाणकाराला विचारणं चूक नाही. डॉक्टरला, वकिलाला, बँकेला आपण विचारतोच. पण विचारून झाल्यावर घरी येऊन आपल्या माणसासमोर बसावं लागतं आणि शेवटचा शब्द आपल्यालाच बोलावा लागतो. तो शब्द दुसऱ्यावर सोपवला की हळूहळू घरातलं माणूसही त्याच्याच हाती जातं, आणि आपल्याला ते कळतही नाही. या प्रकरणाने मला हे शिकवलं.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "मुलीला विचारलंत का?"

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांना खरोखरच ते सुचलं नव्हतं.