जांभळा बोळा

ज्याला रंग, वास, वजन नाही, अशा कशावरही मी कधी विश्वास ठेवला नाही. पांढुर्ण्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईने ठेवूही नये. तरीही ऐंशीच्या दशकातला तो एक दिवस इथे लिहिते आहे…

आई सौंसरला, दादाच्या घरी, अंथरुणाला खिळलेली. घशाच्या आजाराने गव्हाचा पातळ चीकही अडकू लागला होता. मग मी शाळेच्या प्रयोगशाळेत त्या चिकाचे सत्त्व सौम्य आम्लात आठवडाभर ठेवले, पुन्हापुन्हा धुतले आणि इतके बारीक केले की त्याचे कण पाण्याच्या तळाशी बसेनात. ते मात्र तिच्या घशाखाली उतरे — दिवसाला दोन चमचे.

"हे जेवन होय का धुकं, पोरी?" ती घोगऱ्या आवाजात म्हणे. "तुह्या शाळेतल्या पोराइले पाज. मले भाकर पाहिजे."

एकदा बाटली संपली आणि सत्त्व आधीच मुरत घातलेले असूनही नवी व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या सकाळी ती काठोकाठ भरली, बुचावर फडके बांधले, मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. बसभर संत्र्यांच्या सालीचा उग्र, ओला वास. पोहोचले तेव्हा आईला जाऊन तासभर झाला होता.

"परवापासून काहीच नाही गेलं तिच्या पोटात," दादा म्हणाला. "तुयी वाट पाहून राहिली होती."

मला रडू आले नाही. हात, पाय, कान — सगळे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

आईच्या ओठांच्या कडेला काही ओलसर दिसले. कापसाच्या बोळ्याने टिपले. बोळा हातून निसटून शेजारच्या वाटीत पडला. वाटीत तिच्या पाठीच्या जखमांसाठीचे टिंक्चर आयोडिन होते. बोळा जांभळा झाला.

पीठ, चीक, साबुदाणा आयोडिनने शाईसारखे निळे होतात. आम्लात मुरलेले माझे सत्त्व तेवढे जांभळे होई.

"वहिनी, आज हिला काही भरवलं?"

"कायचं भरवता, ताई! दातखीळ बसली होती. मी तर आताच तोंड पुसलं त्याइचं."

मी पिशवीतून बाटली काढली. गाठ माझीच, फडके कोरडे. बूच उघडले. दोन चमचे कमी होते.

भरताना माझा अंदाज चुकला असेल… ओठांवर आधीचे काही राहिले असेल… सगळे मांडून पाहिले. काहीच पुरे पडत नाही. ऐकणारे म्हणतात, समाधान मान. मी मानत नाही, नाकारतही नाही. आई उपाशी गेली का, एवढेच मला कळायला हवे होते. ते अजून कळलेले नाही.