गौरींसाठी साठवलेलं बळ

दुखतं का हो अजून, असं कोणी विचारलं की मी सांगते, दुखायचं कधीच थांबलं. गेलं ते बळ. आतड्याचा कर्करोग होता, वीतभर आतडं काढलं, टाके सुकले, सगळे म्हणाले, चला, सुटलात. मी मात्र केस विंचरायला बसले की निम्म्यात हात मांडीवर पडायचा आणि वेणी तशीच राहायची. झोपून उठलं तरी थकवा आपला उशाशी बसलेला.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दरवर्षी गौरी बसतात. सासूबाईंनी दिलेले पितळी मुखवटे, आणि नैवेद्य सोवळ्यातला. म्हणजे आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून, मध्ये कशाला न शिवता केलेला. सासूबाई गेल्यापासून तो माझ्याच हातचा.

यंदा धाकट्या जावेचा फोन आला. "वहिनी, गौरी आमच्याकडे आणू का? तुम्ही नुसतं येऊन पाटावर बसायचं."

मी फटकन म्हणाले, "माझ्या हातून नैवेद्य होतोय तोवर त्या इथून हलणार नाहीत. नाही झाला तर खुशाल ने, कायमच्या."

बोलून बसले खरी.

आता गुरुवारी पाणी येणार नाही म्हटलं की आपण बुधवारी पिंपं, बादल्या, कळश्या भरून ठेवतो की नाही? मी तसंच केलं. डॉक्टरांनी रोज घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं, ते बंद केलं. आठ दिवस पलंगावर पडून राहिले. म्हटलं, साठेल तेवढं साठू दे. आमचे हे दारातून विचारायचे, "काय, भरली का टाकी?"

पूजनाच्या दिवशी सकाळी सहाला आंघोळ करून डाळ शिजायला घातली. डाळीला उकळी फुटली आणि माझ्या पोटात कळ आली. ऑपरेशनपासून असंच आहे. कळ आली की थांबवता येत नाही, सकाळच्या चार-पाच खेपा ठरलेल्या. जाऊन आले, सोवळं मोडलं. परत डोक्यावरून पाणी, परत दुसरं पातळ. डाळीत गूळ घालून पुरण आटायला ठेवलं आणि परत कळ.

तिसऱ्या आंघोळीला न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले, तांब्या बादलीत बुडवला आणि तो उचलेना. अहो, एक तांब्या पाणी! दोन्ही हातांनी धरला, तरी कडेवरून परत आत.

बाहेरून यांचा आवाज आला. "अगं, पुरण लागतंय खाली."

"गॅस बंद करा."

"केला. आता?"

"आता बसते जरा."

"तिथे कशाला बसतेस? बाहेर खुर्च्या आहेत की आपल्याकडे."

मला रडू येत होतं आणि रडायलाही जोर लागतो हे त्या दिवशी कळलं. थोड्या वेळाने यांनी हळूच विचारलं, "आत येऊ?" इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी विचारलं नव्हतं. येऊन त्यांनी मला पंचा गुंडाळला, धरून पलंगावर आणलं आणि एक शब्दही टोचून बोलले नाहीत. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

फोन त्यांनीच केला. जाऊ आली, आंघोळ करून माझ्या ओट्याशी उभी राहिली. मी आतून लाटण्याचा आवाज ऐकत होते. पोळ्या चांगल्या लाटत होती, नावं ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी माझ्या पायाशी बसून म्हणाली, "वहिनी, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"शब्द दिलाय मी. ने."

विसर्जनानंतर मुखवटे जुन्या मऊ साडीत मीच गुंडाळायला घेतले. एक झाला, दुसरा यांनी गुंडाळला. जाऊ ते घेऊन निघाली तेव्हा माझं दारापर्यंतही जाणं झालं नाही. लिफ्टचं दार लागलेलं पलंगावरूनच ऐकलं.

नंतर तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आजी, पडून राहून बळ साठत नाही, होतं तेही जातं." हे गौरींच्या आधीच डोक्यात शिरायला हवं होतं.

आता रोज चालते. पलंगापासून मुखवट्यांच्या कपाटापर्यंत आणि परत. वरचा कप्पा रिकामा आहे, तिकडे बघत नाही. आज पाच फेऱ्या झाल्या. सहाव्या फेरीला मध्येच खाली बसले.