झाडाखालून निघा

पुरवणीत मोठ्या माणसांवर लेख येतात आणि लिहिणारेही मोठे असतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझं लिहिणं आगाऊपणाचं वाटलं तर माफ करावं. पण सोमनाथवर दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही...

आणीबाणी उठली त्या वर्षी आम्ही नाशिकला कॉलेजात भूगोल घेतला. मी देवळाली कॅम्पचा, तो हरसूलचा. सर सांगायचे, आजची हवा वेगळी आणि वर्षानुवर्षांचं हवामान वेगळं. समुद्रावरून आलेले ढग डोंगर चढताना थंड होतात, हरसूल-त्र्यंबककडे रिते होतात आणि सिन्नरपर्यंत त्यांच्यात फारसं काही उरत नाही. सोमनाथ विचारायचा, "सर, आणि वीज?" वर्ग हसायचा. त्याचे वडील वैशाखात आंब्याखाली वीज पडून गेले होते. तिकडे आभाळ कडाडलं की कोयता बाहेर फेकतात; वीज लोखंडावर जाते, माणूस सुटतो, असा समज. वडिलांनीही कोयता लांब भिरकावला होता आणि निर्धास्त मनानं झाडाला पाठ टेकली होती.

सरांनी त्याला नीट समजावलं. जमीन तापते, गरम दमट हवा वर चढते, उंच काळे ढग होतात आणि वीज बहुधा उंच वस्तूच गाठते. तेव्हापासून त्याला जणू झपाटलंच.

एका सुट्टीत मी त्याच्याबरोबर हरसूलच्या बाजारात होतो. दुपारीच अंधारून आलं. कोयते, पहारी लांब मातीत पडल्या आणि सगळा बाजार मोठ्या आंब्याखाली शिरला. सोमनाथ काठी घेऊन आत घुसला.

"झाडाखालून निघा. शाळेत चला."

मिरच्या विकणारी म्हातारी म्हणाली, "सोम्या, कोयता टाकलाय ना. वीज काय आंधळी हाय?"

"आजे, तुला खांदा द्यायची हौस नाय मला. ऊठ."

त्यानं तिची पाटी लाथेनं उडवली, एकाला गचांडी धरून ओढलं. कुणीतरी बांबू हाणला. भुवई फुटली, तोंडावर रक्त, वरून गारा. तरी कुणी हललं नाही. वीज लांब डोंगरावर पडली.

"आली नाय रं तुझी वीज," एकजण म्हणाला.

परतताना एसटीत भुवईवर रुमाल दाबून सोमनाथ म्हणाला, "आज वाचले ना, आता तर बसतीलच..." पुढे शिक्षक झाल्यावरही वैशाखातला एकही बाजार त्यानं चुकवला नाही. शिव्या खाल्ल्या, मारही खाल्ला.

यंदा बरेच दिवस त्याची खबर नव्हती. शेवटी नाशिकच्या स्टँडवर हरसूल गाडीचा कंडक्टर भेटला. म्हणाला, "मास्तरनं या टायमाला सगळा बाजार शाळेत कोंबला. एक म्हातारा बैलाशिवाय हलंना. त्याला शाळेकडं ढकलून मास्तर दावं सोडायला आंब्याखाली गेला. बैल सुटला... आंबा मधोमध फाटला. खाली तो एकटाच होता."